ट्रेनरची स्टेरॉइड तपासणी हवी, सुरुवात माझ्यापासून करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जिममधल्या पर्सनल ट्रेनरची स्टेरॉइडसाठी, म्हणजे स्नायू फुगवणाऱ्या औषधांसाठी, तपासणी करावी का, हा विषय निघाला की डॉक्टर बोलतात, जिमचे मालक बोलतात, पालक बोलतात. ट्रेनर मात्र गप्प बसतात. मी सतरा वर्षं हे काम करतोय. त्यातली चार वर्षं मी स्वतः स्टेरॉइड घेत होतो आणि माझ्या एकाही क्लायंटला मी ते कळू दिलं नाही. तपासणी व्हावी, ती जिमनं करावी आणि ती ट्रेनरच्या कामाची अट असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कसं झालं हे सविस्तर लिहितो. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे टेप लावून मापं घेतली. दंड साडेबारा इंच. मी ते कार्डावर लिहीत होतो आणि तो माझ्या दंडाकडे बघत होता. म्हणाला, "सर, तुमच्यासारखं व्हायला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, "दोन वर्षं धर. झोप, डाएट आणि खाडा करायचा नाही. बाकी काही नाही." त्या दिवशी सकाळी मी घरी बाथरूमची कडी लावून उजव्या कुल्ह्यात सुई मारून आलो होतो. औषध तेलात असतं, टोचलेली जागा दोन-दोन दिवस ठणकते. मला बसवत नव्हतं, म्हणून मी त्याच्याशी उभ्यानंच बोलत होतो.

त्यानं माझा शब्द न् शब्द पाळला. चौदा महिन्यांत त्याचे मोजून नऊ खाडे झाले. दंड चौदा इंचांवर गेला, स्क्वॉटचं वजन दुपटीच्या पुढे गेलं, पाठ सरळ झाली. इतकी वर्षं लोकांना व्यायाम शिकवून सांगतो, सुईशिवाय एवढी प्रगती म्हणजे उत्तम प्रगती. मला तेव्हाही ते माहीत होतं. पण तो स्वतःच्या कार्डाकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. एक दिवस सेट संपवून बेंचवर बसला आणि टॉवेल हातात गुंडाळत विचारलं, "सर, माझं नेमकं काय चुकतंय?"

काहीच चुकत नव्हतं. तेवढं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "इंटेन्सिटी कमी पडतेय." आणि शेड्यूल बदलून दिलं.

पुढच्या तीन-चार महिन्यांत तो पार बदलला. दीड महिन्यात बेंच प्रेसचं वजन वीस किलोंनी वाढलं. खांद्यांवर आणि पाठीवर लाल पुरळ, चेहरा सुजल्यासारखा, सेटच्या मधे उगाच चिडचिड. घेणाऱ्याला घेणारा लगेच ओळखू येतो. मी त्याला बाजूला घेतलं. कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी त्याला 'सायकल', म्हणजे काही आठवड्यांचा स्टेरॉइडचा कोर्स, लावून दिली होती. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. तुम्ही नॅचरल राहून एवढं केलंत आणि मला काही ते जमलं नाही."

मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. "बंद कर ते," एवढं बोललो आणि पुढच्या क्लायंटकडे गेलो. त्यानं बंद केलं नाही. काही आठवड्यांनी सुईच्या जागी मांडीत गळू झालं, चिरा देऊन पू काढावा लागला. मग तो जिमला यायचाच थांबला.

"ट्रेनर काय घेतो हा त्याचा खासगी प्रश्न आहे," असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगतो. सज्ञान माणसाचं शरीर त्याचं स्वतःचं असतं, हे मला मान्य आहे. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाच्या रक्तात काय आहे याच्याशी त्याच्या मालकाला काही देणंघेणं नाही. पण ट्रेनर लोकांना जे विकतो, त्याचा पुरावा म्हणून तो स्वतःचं शरीर पुढे करतो. माझा उघड्या अंगाचा फोटो रिसेप्शनच्या मागे भिंतीवर होता. क्लायंट तो बघून माझं नाव घ्यायचे आणि माझ्या तासाचे पैसे भरायचे. मी त्यांना सांगायचो की हे शरीर मी तुम्हाला शिकवतो त्याच पद्धतीनं कमावलंय. हे धडधडीत खोटं होतं आणि त्यावर माझं घर चालत होतं. माल विकताना त्यात काय घातलंय हे दडवलं तर त्याला आपण फसवणूक म्हणतो. इथेही दुसरा शब्द वापरायचं कारण नाही.

हे खोटं किती मोठं आहे ते बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. लोकांना वाटतं, स्टेरॉइडनं थोडी मदत होत असेल, पण मेहनत तर त्याचीच ना! १९९६ साली शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ४३ पुरुष होते आणि प्रयोग दहा आठवड्यांचा होता. काहींना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांच्या शरीरात मुळात असणारं स्टेरॉइड, दिलं, काहींना नुसतं औषध नसलेलं इंजेक्शन. दोन्हींतल्या काहींना व्यायाम दिला आणि काहींना बसवून ठेवलं. औषध आणि व्यायाम दोन्ही ज्यांना मिळालं त्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन सरासरी ६.१ किलो वाढलं. ते अपेक्षितच होतं. पण ज्यांनी व्यायाम अजिबात केला नाही, फक्त सुई घेतली, त्यांचं सुमारे ३ किलो वाढलं. आणि ज्यांनी औषधाशिवाय प्रामाणिकपणे व्यायाम केला त्यांचं सुमारे २ किलो. म्हणजे नुसतं बसून सुई घेणारा घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. तो मुलगा माझ्यासमोर घाम गाळत होता आणि मी त्याला इंटेन्सिटी कमी पडतेय म्हणत होतो.

म्हणजेच घेणाऱ्या ट्रेनरचं शरीर बघून त्याचं ज्ञान कळत नाही. त्याचं शेड्यूल चुकीचं असू शकतं, डाएट चुकीचं असू शकतं, तरी तो फुगलेला दिसेल. आणि ज्यानं अभ्यास केलाय, सांधा कसा फिरतो हे ज्याला कळतं, कंबर दुखणाऱ्याला डेडलिफ्ट कशी शिकवायची हे ज्याला येतं, तो बिचारा त्याच्याशेजारी हडकुळा दिसतो आणि मागे पडतो.

मी मागे पडणाऱ्यांपैकीच होतो. माझी सुरुवात अशीच झाली. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मालकांनी आधी बाह्या वर करायला सांगितल्या. सर्टिफिकेट तिसऱ्या भेटीत बघितलं. पुढे फ्लोअरवर एक नवा ट्रेनर आला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि अंगानं दुप्पट. महिन्याभरात माझे दोन क्लायंट त्याच्याकडे गेले. एकानं तर सांगितलंच, "सर, राग मानू नका, पण त्यांचा रिझल्ट दिसतो." त्याच ट्रेनरनं मला पहिली बाटली आणून दिली. त्याला मी दोष देत नाही. त्यालाही कुणीतरी अशीच दिली असणार. पण त्या काळात आमच्या जिममध्ये तपासणी असती, तर मला नाही म्हणायला एक कारण मिळालं असतं. "नको रे, नोकरी जाईल," एवढं म्हणून मी सुटलो असतो. तपासणीला विरोध करणाऱ्या माझ्या भावंडांनी, म्हणजे ट्रेनर मंडळींनी, हा विचार करून बघावा. तिचा पहिला फायदा आपल्यालाच आहे.

तब्येतीचं फार लांबवत नाही, ते डॉक्टरांचं काम आहे. माझं एवढंच सांगतो. चौथ्या वर्षी डोकं सतत जड राहायला लागलं, चेहरा तांबडा दिसायचा. रक्त तपासलं तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५७ टक्के होतं. रक्त दाट झालं होतं. चांगलं कोलेस्टेरॉल जवळजवळ उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे विचारलं, "किती वर्षं घेताय?" मला कुणी तोंडावर विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी तिथेच रडलो.

सोडणं तर घेण्याहून अवघड गेलं, आणि हे कपडे बदलायच्या खोलीतले तज्ज्ञ कधीच सांगत नाहीत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येत राहिलं की मेंदू अंडकोशांना काम करायचा निरोप देणं थांबवतो. अंडकोश आक्रसतात, वीर्यातले शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. सुई बंद केल्यावर शरीराचा स्वतःचा कारखाना लगेच सुरू होत नाही. काहींना महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. माझे आठ-नऊ महिने असे गेले की सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही. बायकोनं त्या काळात मला अक्षरशः हाताला धरून उठवलं. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका ट्रेनर मुलीचा आवाज गोळ्यांनी घोगरा झाला. गोळ्या तिनं कधीच्या सोडल्या, आवाज मात्र परत आला नाही. बाईच्या बाबतीत आवाजातला हा बदल बहुधा कायमचा असतो.

आणि हृदयाचं. २०१७ साली अमेरिकेत १४० वेटलिफ्टिंग करणाऱ्या पुरुषांची हृदयं तपासली, त्यातले ८६ स्टेरॉइड घेतलेले होते. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतो, हे प्रमाण न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के निघालं, घेणाऱ्यांत ५२. आरशासमोर उभं राहिल्यावर हे काही दिसत नाही.

आता, "जिममध्ये कुठे डोपिंग टेस्ट असते का, ती खेळाडूंची असते," असं जे म्हणतात त्यांच्यासाठी. डेन्मार्कमध्ये जिममध्ये तपासणी कित्येक वर्षांपासून होतेय. तिथल्या डोपिंगविरोधी संस्थेशी करार केलेल्या जिममध्ये तपासनीस येऊन साध्या सभासदांचीही लघवी तपासायला नेतात. कोणती जिम या व्यवस्थेत आहे आणि कोणती नाही, हे सभासदाला कळावं म्हणून जिमच्या दारावर हसरा किंवा नाराज चेहरा लावायची पद्धत तिथे आणली गेली. नॉर्वेतही डोपिंगविरोधी संस्था जिमबरोबर असाच उपक्रम चालवते. डेन्मार्कच्या तपासण्यांतून पुढे एक महत्त्वाची माहिती हाती आली. २००६ ते २०१८ या काळात जिममध्ये स्टेरॉइडसाठी दोषी आढळलेल्या ५४५ पुरुषांची तुलना तिथल्या डॉक्टरांनी त्याच वयाच्या ५,४५० सर्वसाधारण पुरुषांशी केली. दोषी आढळलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण तिप्पट निघालं. त्यांच्या आयुष्यात इतरही काही धोके असतील, सगळा दोष एका सुईला देता येणार नाही. पण आकडा लहान नाही. आणि जिममध्ये कुणी तपासलंच नसतं तर तो कळलाही नसता.

मी सभासदांना तपासा असं म्हणत नाही. तो स्वतःचे पैसे भरून येतो, कुणाला काही विकत नाही. ट्रेनरचं वेगळं आहे. खेळाच्या जगानं हा फरक आधीच ओळखलाय. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडसाठी पकडला गेला, हे सगळ्यांना आठवतं. पण पुढच्याच वर्षी कॅनडात न्यायमूर्ती डबिन यांच्या चौकशी आयोगापुढे त्याचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी शपथेवर सांगितलं की आपल्या धावपटूंना स्टेरॉइड दिली जात होती आणि ती कशी. आत काय चालतं ते प्रशिक्षकाला माहीत असतं. 'वाडा' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जागतिक संस्थेची जी संहिता २०१५ पासून लागू झाली, तिच्यात तर सरळ लिहिलंय की खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या प्रशिक्षकानं आणि इतर सहायकांनी योग्य कारणाशिवाय स्वतः बंदी असलेलं द्रव्य घ्यायचं नाही. ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पदकं मिळवणारे खेळाडू आहेत त्याला हा नियम लागू आहे. मग ज्याच्या हाताखाली सतरा वर्षांची पोरं आहेत त्याला का नको? त्या वयात हाडांची टोकं अजून पुरती मिटलेली नसतात आणि स्टेरॉइडनं ती वेळेआधी मिटतात, म्हणजे उंची तिथेच थांबते.

तपासणी कशी करायची, यावर मात्र माझं जिममालकांशी जमत नाही. काही जण म्हणतात, नोकरीच्या ठिकाणी वापरतात तसली झटपट किट आणू आणि मोकळे होऊ. ती किट गांजा, अफू, कोकेन असल्या पदार्थांसाठी असते. स्टेरॉइड तिच्यात दिसतच नाही. रोज सुई मारणारा माणूस त्या चाचणीत स्वच्छ निघेल आणि वर सर्टिफिकेट मिरवेल. त्यापेक्षा तपासणी नसलेली बरी. खरी तपासणी प्रयोगशाळेत होते, लघवीतले घटक वेगळे करून त्यांचं वजन ओळखणाऱ्या यंत्रावर. नॅन्ड्रोलोन, ज्याला आमच्यात 'डेका' म्हणतात, त्याच्या खुणा शेवटच्या सुईनंतर कित्येक महिने मिळतात. टेस्टोस्टेरॉन पकडणं अवघड, कारण ते मुळात शरीरातच असतं. म्हणून त्याचं एपिटेस्टोस्टेरॉनशी, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या त्याच्या जुळ्या पदार्थाशी, प्रमाण बघतात. ते ४ ला १ च्या वर गेलं की संशय घेतात, आणि मग कार्बनच्या अणूंवरून ते शरीरात बनलंय की कारखान्यात, हे पाहतात. काहींचं हे प्रमाण जन्मतःच इतकं कमी असतं की घेऊनही ते ४ च्या वर जात नाही. तेव्हा चतुर माणूस सुटेल, हे मी नाकारत नाही. पण आधी तारीख सांगून केलेली तपासणी आणि न सांगता केलेली तपासणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तारीख कळली असती तर मी चार वर्षं सहज निभावून नेलं असतं. न कळता नसतं निभावलं.

खर्च होतो, हे खरंय. पण सगळ्यांची दर महिन्याला करायची गरज नाही. वर्षातून कधीही, चिठ्ठी काढून, दोन-चार जणांची केली तरी उरलेल्यांच्या मनात ती राहते. जिम नव्या मशीनवर जेवढा खर्च करते त्याच्या पुढे हा काहीच नाही.

एक आक्षेप मला खरा वाटतो, त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. प्रोटीन पावडर आणि तत्सम पूरकांमध्ये भेसळ असते. जर्मनीत कोलोनच्या प्रयोगशाळेनं २००० च्या सुमारास १३ देशांतून विकत घेतलेली ६३४ पूरकं तपासली. त्यांतल्या ९४ मध्ये, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, डब्यावर न लिहिलेले स्टेरॉइडच्या जातीचे पदार्थ निघाले. एखादा ट्रेनर निष्पाप असून अडकू शकतो. कुणाला वैद्यकीय कारणानं डॉक्टरांनीच टेस्टोस्टेरॉन लिहून दिलेलं असतं. म्हणून पहिल्या अहवालावर कुणालाही काढू नये. खेळाडूंचा नमुना दोन बाटल्यांत भरतात, दुसरी सीलबंद ठेवतात आणि मागितली तर ती उघडतात. ट्रेनरलाही तोच हक्क हवा. अहवाल आधी फक्त त्याच्या हातात द्यावा, भिंतीवर लावू नये. त्याला डॉक्टरकडे जायला वेळ द्यावा आणि सोडायला सहा महिने द्यावेत. तोवर भिंतीवरचा त्याचा फोटो मात्र काढावा. माझा तेवढाच हट्ट आहे. फोटो काढला की आपण काय विकत होतो ते त्याच्या लक्षात येईल.

दुसरं एक म्हणणं असं की, जो ट्रेनर स्वतः घेतो तो निदान क्लायंटला सुरक्षित कसं घ्यायचं ते सांगू शकेल. मी चार वर्षं घेतलं, मला विचारा. त्या बाटलीत काय आहे हे मला एकदाही ठाऊक नव्हतं. लेबलवर जे लिहिलं होतं ते मी मानायचो. दुसऱ्याला सुरक्षिततेचं मी काय सांगणार होतो?

सुई सोडल्यावर माझा दंड पावणेदोन इंचांनी उतरला. आठ क्लायंट गेले. जे राहिले त्यांना मी एकेक करून सांगितलं. कुणी रागावलं, एका काकूंनी डोक्यावर हात ठेवला. त्या मुलाचा नंबर शोधून त्यालाही फोन केला. तोवर दोन वर्षं उलटून गेली होती. मी सगळं बोलून संपवलं तरी पलीकडून आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं, सर?"

सध्या मी दुसऱ्या जिममध्ये आहे. यंदा करार नव्यानं करायची वेळ आली तेव्हा मी मालकांना म्हटलं, ट्रेनरच्या तपासणीचं कलम घाला, सगळ्यांसाठी. ते म्हणाले, "सगळ्यांसाठी घातलं तर निम्मे उद्या सोडून जातील." मग निम्मे काय करताहेत हे तुम्हाला माहीत आहे, असं मी म्हटलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. शेवटी एवढं ठरलं की आधी माझ्या एकट्याच्या करारात घालायचं. छापील कागदाच्या तळाला मी माझ्या हातानं दोन ओळी लिहिल्या: वर्षातून केव्हाही, जिम सांगेल त्या प्रयोगशाळेत, मी नमुना देईन, आणि तारीख मला आधी कळवायची नाही. खाली मी सही केली आणि त्यांनीही. परवा आमच्यातल्या सगळ्यात लहान ट्रेनरनं, तेवीस वर्षांचा आहे, तो कागद बघायला मागितला. दोनदा वाचला, मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि आपला करार कधी संपतो ते रिसेप्शनवर विचारून आला.

आपला,
एक पर्सनल ट्रेनर
(माझ्या जुन्या क्लायंटची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया माझं नाव छापू नये.)